टिल्लूला ७५ दिवस कुठे ठेवू? (कुत्र्याच्या बोर्डिंगचा खर्च)

शेवंती | १२ ऑगस्ट २०२५, सकाळी ११:२०

मंडळी, लेकीचं बाळंतपण आहे, ती न्यू जर्सीत. आम्ही दोघं ६ ऑक्टोबरला निघून २० डिसेंबरला परत. तिकिटं झाली, व्हिसा आहे, लाडवांचा डिंकसुद्धा आणून ठेवला. राहिला टिल्लू.

टिल्लू म्हणजे आमचा लॅब्रेडॉर. आणला तेव्हा ह्यांच्या चपलेत मावायचा म्हणून टिल्लू, आता ३६ किलो. नऊ वर्षं पूर्ण. थायरॉईडची गोळी सकाळ-संध्याकाळ. फटाके वाजले की बाथरूममध्ये बादलीमागे जाऊन बसतो, तेही अर्धाच मावतो. आजवर दोन रात्रींपेक्षा जास्त कुठे सोडला नाही. शेजारच्या काकू सांभाळायच्या, त्या आता मुलाकडे बंगळुरूला गेल्या.

चार ठिकाणी फोन केले. रोजचे ६५०, ७००, ९०० आणि १२०० असे आकडे आले. ६५० ने ४८,७५० होतात, ९०० ने ६७,५००. १२०० वाल्यांकडे ९० हजार. माझं जाऊन-येऊन तिकीट ८६ हजारांचं आहे! ह्यांनी कॅल्क्युलेटर खाली ठेवला आणि म्हणाले, "मग त्यालाच पाठवू बाळंतपणाला."

हे दर रास्त आहेत का? ६५० आणि १२०० मध्ये नेमका फरक काय? इतके दिवस कोणी कुत्रा ठेवलाय का? कोथरूड, वारजे, बावधन या भागातलं असेल तर बरं.

मिरची_भजी | १२ ऑगस्ट, ११:४१

वाचतेय. आमचीही दर दिवाळीत हीच रड. मागच्या वर्षी गोव्याला गेलो तेव्हा आमच्या हॉटेलच्या खोलीपेक्षा बोर्डिंगचं बिल जास्त होतं, आणि आम्हाला नाश्ता फुकट होता.

घाटावरचा | १२ ऑगस्ट, दुपारी १२:०५

ताई, एवढं पैसं घालवू नका. आमच्याकडं वाईजवळ मोठं अंगण आहे, दोन कुत्री आहेतच, तिसरं आपसूक जगंल. भाकरी-दूध खातं का सांगा. पैसं नकोत.

जुन्नरकर | १२ ऑगस्ट, १२:३०

घाटावरचा, तुमचं मन मोठं आहे. पण शहरात वाढलेलं नऊ वर्षांचं लॅब रात्री अंगणात ठेवायचं म्हणजे अवघड आहे. आमच्याकडे बिबट्या दारातली कुत्री उचलतो. गावची कुत्री निदान वास येताच ओसरीत शिरतात. टिल्लू शेपूट हलवत स्वागताला जाईल.

घाटावरचा | १२ ऑगस्ट, १२:३८

हे बाकी खरं हाय. आमचं मागचं लालू असंच गेलं.

स्पष्टवक्ता_७१ | १२ ऑगस्ट, दुपारी २:१५

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. एका कुत्र्यावर दोन-अडीच महिन्यांत ६०-७० हजार? आमच्या लहानपणी कुत्रं दारात असायचं, उरलंसुरलं खायचं आणि आम्ही महिनाभर कोकणात जाऊन आलो तरी दारातच असायचं. हे सगळे पोटभरल्यांचे चोचले आहेत. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

शेवंती | १२ ऑगस्ट, २:४०

राग नाही हो. आमच्या माहेरीही तसाच होता, खंड्या. आम्ही कोकणातून यायचो तेव्हा तो दारात असायचा हे खरं. एकदा आलो तेव्हा नव्हता. कुणी विचारलंही नाही कुठे गेला म्हणून. मला तेव्हा विचारायचं होतं, एवढंच.

मिरची_भजी | १२ ऑगस्ट, २:४४

शेवंतीताई __/\__

चार_पाय | १२ ऑगस्ट, रात्री १०:५०

नमस्कार काकू. मी सहा वर्षं घरी बोर्डिंग करते (पिंपरी-चिंचवडमध्ये, तुम्हाला लांब पडेल, म्हणजे ही जाहिरात नाही). समोरच्या बाजूचा हिशेब सांगते, मग दर रास्त की नाही ते तुम्हीच ठरवा.

माझ्याकडे एका वेळी चारच कुत्री. दर ७५०. तुमच्या टिल्लूएवढ्या कुत्र्याला चिकन-भात आणि भाजी दोन वेळा म्हटलं की मला दिवसाला १४०-१५० पडतात. तुम्ही त्याचं नेहमीचं खाणं पाठवलंत तर मी १०० कमी करते. सकाळी एक मुलगा फिरवायला येतो, एक मावशी दोनदा फरशी पुसायला. घर भाड्याचं. कुत्री ठेवते म्हणून मालकांनी भाडं वाढवून घेतलंय, आणि अनामत परत मिळेल ही आशा मी पहिल्या महिन्यातच सोडली. दाराची चौकट एका हस्कीने खाल्ली.

पण खरा खर्च रिकाम्या दिवसांचा. दिवाळी, नाताळ आणि मे महिना या दिवसांत मला नकार द्यावे लागतात. जून-जुलैत कधी कधी आठवडाभर एकही कुत्रा नसतो, भाडं मात्र असतं. म्हणून दिवाळीत सगळे दर वाढवतात. मी १००० घेते. लोकांना ती लूट वाटते.

तुमच्या बाबतीत गंमत अशी आहे की ७५ दिवस म्हणजे मोठा मुक्काम, त्याला सूट मागायचा तुमचा हक्क आहे. महिन्याच्या वर कुणी ठेवलं तर मी २० टक्के सोडते. पण त्या ७५ दिवसांत दिवाळीही येते (यंदा लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला), आणि त्या आठवड्यात तुमचा टिल्लू माझी हजार रुपयांची जागा अडवून बसणार. त्यामुळे कुणी सूट देताना कुरकुर केली तर दिवाळीचे दिवस वेगळ्या दराने घ्या आणि बाकीच्यांवर सूट द्या असं बोला. बहुतेक जण कबूल होतात.

आता विचारायचे प्रश्न. दिवस कसा मोजता? काही जण २४ तासांचा मोजतात, काही तारखेचा. तारखेचा असेल तर शनिवारी रात्री सोडून रविवारी सकाळी नेलं तरी दोन दिवसांचे पैसे. गोळ्यांचे वेगळे घेता का? रात्री कुत्र्यांजवळ माणूस झोपतं का? हा शेवटचा प्रश्न विचारला की पलीकडे थोडी शांतता पसरते, ती ऐका. "कॅमेरे आहेत" हे उत्तर नाही. रात्री तीनला कुत्रा ओकला तर कॅमेरा फक्त बघतो.

६५० आणि १२०० मधला फरक बऱ्याचदा एसी, स्विमिंग पूल आणि इन्स्टाग्रामवरचे फोटो काढणारा मुलगा यांचा असतो. लॅबना पूल आवडतो हे खरं. पण नऊ वर्षांच्या थायरॉईडवाल्या कुत्र्याला गोळी खरंच पोटात गेली का हे बघणारं माणूस हवं. ते ६५० मध्येही मिळतं, १२०० मध्येही मिळेलच असं नाही.

आणि काकू, एक विचारते, वाईट वाटून घेऊ नका. मी मोठ्या मुक्कामाच्या प्रत्येकाला विचारते. तुम्ही तिथे असताना त्याला काही झालं तर काय करायचं ते लिहून देणार का? कितीपर्यंतचा खर्च न विचारता करायचा, ऑपरेशन म्हणाले तर काय, आणि तो गेलाच तर कुणाला बोलवायचं. लोक हा कागद भरताना रडतात. पण न भरता गेलेल्या एका काकांना मी त्यांच्या रात्री दोन वाजता फोन केलाय, आणि तिकडे तो कुणी उचलला नव्हता.

शेवंती | १३ ऑगस्ट, सकाळी ६:१०

रात्री वाचलं. ह्यांना वाचून दाखवलं, शेवटचा परिच्छेद सोडून. मग तोही दाखवला. ते उठून टिल्लूला फिरवायला घेऊन गेले, साडेअकराला.

चार_पाय, गोळीबद्दल तुम्ही लिहिलंत ते अगदी खरं. केळ्यात घालून दिली की हा केळं खातो, गोळी तोंडात धरतो आणि फ्रिजमागे जाऊन टाकतो. मार्चमध्ये फ्रिज हलवला तेव्हा अकरा सापडल्या. आता पोळीच्या तुपाळ तुकड्यात देते आणि वर लगेच दुसरा तुकडा दाखवते, म्हणजे घाईत गिळतो.

कडूनिंब | १३ ऑगस्ट, ९:३०

स्वस्ताचा अनुभव माझ्याकडून घ्या. शहराबाहेर एक फार्मवजा ठिकाण, रोजचे ४५०, हिरवळ वगैरे. सतरा दिवस ठेवली आमची राणी. रोज व्हिडिओ यायचे. नंतर घरी बसून नीट पाहिले तर तीन वेगवेगळ्या "दिवशी" त्याच झाडाची तीच सावली आणि मागे तोच लाल टेम्पो. एकाच दिवशी काढून ठेवलेले!

घरी आणली तर कानात गोचिड्या, मोजल्या तेवढ्या चाळीसच्या वर, मग मोजणं सोडलं. आठवड्याने ताप, जेवण बंद, हिरड्या पांढऱ्या. टिक फिव्हर, म्हणजे गोचिडीमुळे होणारा ताप. प्लेटलेट्स घसरल्या होत्या. सलाईन, रक्ततपासण्या, महिनाभर डॉक्सीसायक्लिन, सगळे मिळून १४ हजार. बोर्डिंगचं बिल ७,६५० होतं. त्यांना फोन केला तर म्हणाले, "मॅडम, गोचिडी तुमच्याकडूनच आली असेल." नाव लिहीत नाही, निरोप पाठवून विचारू नका. ठिकाण बदलून नवीन नावाने चालू आहे असं कळलं.

डॉक्टर_होणारच | १३ ऑगस्ट, १०:१५

शिरवळला व्हेटरनरी शिकतोय, शेवटचं वर्ष. थोडी भर घालतो.

गोचिडीची गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध जायच्या आधीच द्या, आणि ७५ दिवसांत पुढचा डोस कधी येतो ते लिहून ठेवा. बरीच औषधं महिनाभर चालतात, काही तीन महिने. रेबीज आणि डीएचपीपी-लेप्टोची (डिस्टेंपर, पार्व्हो, लेप्टो वगैरे रोगांची) लस वर्षाच्या आत झालेली हवी. पुस्तक न बघता कुत्रा घेणाऱ्या ठिकाणी सोडूच नका, कारण ते इतरांचंही बघत नसतील. केनेल कफची लस वेगळी असते, ती बरेच जण देतच नाहीत. बहुतेक नाकात थेंब सोडतात. एका खोलीत आठ कुत्री म्हटली की एकाला खोकला झाला तर सगळ्यांना. ही निघायच्या आदल्या दिवशी देऊन उपयोग नाही, निदान दोन आठवडे हातात ठेवा.

थायरॉईडची रक्ततपासणी सप्टेंबरमध्ये करून घ्या काकू, म्हणजे डोस पक्का करून जाल. गोळ्या ९० दिवसांच्या द्या, ७५ च्या नकोत. सांडतात, हरवतात, फ्रिजमागे जातात.

टेम्सकाठची | १३ ऑगस्ट, दुपारी ४:००

इंग्लंडमधून. इथे घरी कुत्री ठेवायचा धंदा करायचा तर कौन्सिलचा परवाना लागतो. २०१८ च्या नियमांपासून १ ते ५ तारे देतात, परवाना दिसेल असा लावावा लागतो. वेगवेगळ्या घरांतली कुत्री एकत्र ठेवायची तर मालकांची लेखी संमती हवी. मी रात्रीचे ३८ पौंड देते. रुपये करून बघू नका, मी केले होते, दोन दिवस भारतातल्या आईशी बोलले नाही.

दुसरा एक प्रकार इथे चालतो. माणूस तुमच्या घरी येऊन राहतो, कुत्रा सांभाळतो, पैसे घेत नाही. त्याला फुकट राहायला मिळतं, तुम्हाला फुकट राखण. वेबसाइटची वर्षाची वर्गणी तेवढी. कुत्रं स्वतःच्या घरात राहतं. पुण्यात असं ओळखीतून जमेल का? एखादी पीएचडी करणारी मुलगी वगैरे?

शेवंती | १३ ऑगस्ट, ४:३५

ह्याचा विचार केला होता. पण अडीच महिने घर अनोळखी माणसाच्या हाती द्यायला धीर होत नाही. कपाटं आहेत, देवघर आहे. आणि सोसायटीच्या चेअरमनना "भाडेकरू ठेवला का" एवढाच प्रश्न पडेल. आधीच ते टिल्लूने लिफ्ट वापरू नये म्हणत होते, शेवटी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ चं पत्रक छापून दिलं तेव्हा गप्प बसले.

माझा भाऊ नागपूरला आहे, तो ठेवून घ्यायला तयार आहे. न्यायचं कसं?

रुळावरून | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

रेल्वेने न्यायचं तर फर्स्ट एसी, आणि तेही अख्खं कूपे (दोन बर्थ) किंवा अख्खी केबिन (चार बर्थ) तुमच्याच नावावर असेल तर. कूपे मिळाला की नाही हे चार्ट लागल्यावर कळतं. सेकंड, थर्ड एसी, स्लीपर, चेअर कारमध्ये चालत नाही. नाहीतर गार्डच्या डब्यातली कुत्र्याची पेटी. ३६ किलोच्या म्हाताऱ्या लॅबला त्या पेटीत रात्रभर घालू नका, मी आत वाकून बघितली आहे. विमानाने म्हणाल तर इंडिगो पाळीव प्राणी घेतच नाही. आकासा आणि एअर इंडिया केबिनमध्ये घेतात ते पिशवीत मावणारे.

मिरची_भजी | १३ ऑगस्ट, ६:२६

टिल्लू पूर्वी मावला असता :)

शेवंती | १३ ऑगस्ट, ६:५५

गाडी करून नागपूर म्हणजे पुन्हा वीस-बावीस हजार, जाऊन-येऊन दुप्पट. आणि वहिनीचा आवाज फोनवर "हो हो, आणा ना" म्हणताना जरा लांबून आला. राहू दे.

ताळेबंद | १४ ऑगस्ट, सकाळी ८:४०

एक रुक्ष मुद्दा. ठरलेला दर जीएसटीसह आहे का ते विचारा. व्हेटरनरी क्लिनिकच्या उपचारांना जीएसटी माफ आहे, पण बोर्डिंगला १८ टक्के. घरगुती ठेवणाऱ्यांची वर्षाची उलाढाल सहसा २० लाखांखाली असते, ते लावत नाहीत आणि त्यांनी लावूही नये. मोठे "रिसॉर्ट" लावतात. तुमचे ९०० शेवटच्या दिवशी १,०६२ होऊ शकतात. ७५ दिवसांत हा फरक १२,१५० रुपये.

स्पष्टवक्ता_७१ | १४ ऑगस्ट, ९:०५

कुत्र्यावर जीएसटी. आता मांजरीचं आधार कार्ड तेवढं राहिलं. हेमाशेपो (हे माझं शेवटचं पोस्ट).

शेवंती | २४ ऑगस्ट, रात्री ९:१५

अपडेट देते.

दोन ठिकाणं बघितली. पहिलं ६५० वालं. स्वच्छ होतं, फिनेलचा वास दारापासून. पुढच्या खोलीत गाद्या, भिंतीवर पंजांची चित्रं. मागे कुत्री कुठे झोपतात ते दाखवा म्हटलं तर "आत्ता त्यांची झोपायची वेळ आहे." संध्याकाळचे पाच वाजले होते आणि आतून किमान दहा कुत्री भुंकत होती. टिल्लू दारातच बसला. ३६ किलो बसले की बसले.

दुसरं ९०० वालं, वारज्यात. रो हाऊस, एक बाई आणि तिची सासू. आत तीन कुत्री, त्यातलं एक सासूबाईंच्या पलंगाखाली, दुसरं पलंगावर. बाई टिल्लूशी आधी बोललीच नाही. खाली बसून राहिली, आमच्याशीच बोलत होती. पाचेक मिनिटांनी त्याने जाऊन तिच्या मांडीवर हनुवटी ठेवली, तेव्हा तिने कानामागे हात घातला आणि म्हणाली, "ह्याच्या डाव्या कानात मळी झालीय काकू, डॉक्टरांना दाखवा." मी रोज पुसते हो तो कान. दाखवला. इन्फेक्शन निघालं.

दोन रात्री ठेवून बघितलं. पहिल्या दिवशी जेवला नाही. तिने लपवलं नाही, दुपारीच कळवलं. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी वरणभात कालवून हाताने भरवला, तेव्हा खाल्ला. (आता घरी आल्यावर माझ्याकडूनही हातानेच हवाय.) गोळीचा व्हिडिओ पाठवला: तूप-पोळी, मागून दुसरा तुकडा, आणि मग तोंड उघडून जिभेखाली बघितलं. मी हे शिकवलं नव्हतं.

पैशांचं बोलताना चार_पाय यांनी सांगितल्याप्रमाणेच बोलले. रोज ७५०, दिवाळीचे सहा दिवस ११००. खाणं त्यांचं. गोळ्यांचे वेगळे नाहीत. २४ तासांचा दिवस. ॲडव्हान्स निम्मा. शिवाय आमच्या डॉक्टरांकडे १० हजार जमा करून ठेवलेत, उरले तर परत.

मग ह्यांनी एक फाटा काढला. म्हणाले, एवढा खर्च कशाला, तू हो पुढे, मी १० नोव्हेंबरला येतो. म्हणजे दिवाळीत टिल्लू घरीच, बोर्डिंग ४० दिवसांचं, ३० हजारांत भागतं. तिकीट बदलायचे १७ हजार जातील हे मी सांगितलं. शिवाय ७५ दिवसांचं बिल ५८,३५० होणार होतं, म्हणजे वाचतात जेमतेम ११ हजार, आणि ह्यांचं महिनाभराचं डब्याचं जेवण धरलं तर तेही नाही. तेवढ्यासाठी मी दोन बॅगा आणि डिंकाचे लाडू घेऊन एकटी इमिग्रेशनच्या रांगेत. ते म्हणाले, "प्रश्न पैशांचा नाही, हिशेबाचा आहे." याचा अर्थ मी अजून शोधतेय. लेकीला फोनवर सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, "आई, बाबांना फटाक्यांची भीती वाटते का गं?"

तर तसं ठरलंय.

चार_पाय | २४ ऑगस्ट, ९:५०

कान बघणारी बाई सोडू नका. तो कागद भरलात?

शेवंती | २४ ऑगस्ट, १०:३०

ह्यांनी भरला. बसून, पेनाने, स्वच्छ अक्षरात. खर्चाच्या रकान्यात "लागेल तो" लिहिलं होतं, मी खोडून आकडा घातला. शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय ते मी वाचलं नाही. घडी घालून दिला.

घाटावरचा | २५ ऑगस्ट, सकाळी ७:००

ताई, काका एकटं हायत तर दिवाळीत कुत्र्याला घिऊन इकडं या म्हणावं. आमच्या वस्तीवर फटाकं कुणी वाजवत नाही. रात्री आत झोपवू, बिबट्याचं टेन्शन नको.

शेवंती | २५ ऑगस्ट, ७:४०

अहो, निरोप दिला. लगेच नकाशा उघडून बसलेत.

नवी_सभासद_९९ | २५ ऑगस्ट, १०:१२

छान धागा. पोपटासाठी असं बोर्डिंग कुठे मिळेल का? आठ दिवस.

ताळेबंद | २५ ऑगस्ट, १०:२०

आपला देशी हिरवा पोपट असेल तर तो पाळणंच वन्यजीव कायद्यात बसत नाही, त्यामुळे इथे जाहीर विचारू नका. लव्हबर्ड असतील तर नवीन धागा काढा.